पेशी मेल्या नाहीत, मग रक्तातून गेल्या कुठे?

निळीशाई

प्रश्न लॅबमधला आहे, पण इथे जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारते.

मी तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. मागच्या मंगळवारी एक सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आलं. बाई तिशीच्या आतबाहेर, ताप नाही, खोकला नाही, दोन जिने स्वतः चढून आलेली. मशीननं दाखवलं, पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट ४,६००, त्यात पॉलीज (न्यूट्रोफिल, जंतू खाणाऱ्या पेशी) ८२ टक्के, लिम्फो (लिम्फोसाइट, जंतू ओळखणाऱ्या) ७. म्हणजे ॲब्सोल्यूट लिम्फोसाइट ३२२. आमच्याकडे हजाराच्या खाली गेलं की स्लाइड बघायचीच. सॅम्पल नीट हलवून परत लावलं, तेच. ट्यूबमध्ये गुठळी आहे का काडी फिरवून पाहिलं, नव्हती. सकाळचा कंट्रोल (मशीन तपासायचा ठरावीक नमुना) बरोबर आला होता. स्लाइडला लीशमन रंग देऊन शंभर पेशी मोजल्या, लिम्फो सहा. पुन्हा शंभर मोजल्या, आठ. तेव्हा मशीनला दिलेल्या शिव्या परत घेतल्या.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांना फोन केला. ते म्हणाले, गोळ्या कुठल्या चालू आहेत विचार. बाईंना मल्टिपल स्क्लेरोसिस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूवर उलटते तो आजार) आहे, फिंगोलिमॉड नावाची गोळी रोज एक. सर म्हणाले, "मग बरोबर आहे. पेशी मेलेल्या नाहीत, लिम्फ नोडमध्ये (काखेत, जांघेत असतात त्या गाठींमध्ये) अडकून बसल्यात." आणि फोन ठेवला.

औषधानं पेशी मरतात हे मला समजतं, केमोवाल्यांचे काउंट रोज बघते. पण पेशी जिवंत आहेत आणि फक्त बाहेर येत नाहीत, हे काय प्रकरण आहे? थोडं वाचलं तर म्हणे एक लिपिड त्यांना चालवतं. आमच्यासाठी लिपिड म्हणजे लिपिड प्रोफाइल, उपाशीपोटी या. चरबीचा रेणू पेशीला "चल" म्हणून सांगतो कसा? आणि पॉलीजना काहीच कसं झालं नाही?


खवट

चरबीकडून मला आजवर एकच संदेश मिळालाय, की पँट नवीन शिवा.


शेपूटकापी

निळीशाई ताई, सरांनी एका वाक्यात सांगितलं ते बरोबर आहे. मी लांबण लावते, कारण पांढऱ्या पेशी कशा धावतात हे बघण्यात माझी पीएचडीची सहा वर्षं गेली आणि घरात आता कोणी ऐकून घेत नाही.

तुमच्या जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये जे लिम्फोसाइट येतात ते शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी दोनेक टक्क्यांचे प्रतिनिधी. बाकीचे लिम्फ नोड, प्लीहा, आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा इथे असतात. रक्त हा त्यांचा एसटी स्टँड. स्टँडवर शुकशुकाट दिसला म्हणून गाव ओस पडलं असं कोणी म्हणत नाही, आधी विचारतात संप आहे का. तुमच्या पेशंटच्या अंगात गोळीनं संप घडवलाय.

एक लिम्फोसाइट रक्तात जेमतेम अर्धा तास असतो. मग कुठल्या तरी नोडमध्ये शिरतो, तिथे साधारण अर्धा ते एक दिवस हिंडून आपल्या कामाचा जंतू आलाय का बघतो, आणि काही नसेल तर लसिकेच्या (नोडमधून वाहणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाच्या) नळीतून बाहेर पडून छातीतल्या मोठ्या नळीमार्गे परत रक्तात. आत शिरायची खूण वेगळी, बाहेर पडायची वेगळी. बाहेरची वाट दाखवतो तो तुमचा लिपिड. नाव स्फिंगोसीन-१-फॉस्फेट, आम्ही बोलताना एस-वन-पी म्हणतो.

यातला "स्फिंगोसीन" हा शब्द १८८४ चा. थुडिकम नावाचा लंडनमध्ये स्थायिक झालेला जर्मन डॉक्टर मेंदूतली रसायनं वेगळी करत होता. त्यात हा पदार्थ निघाला आणि तो असा कोड्यात टाकणारा होता की त्यानं कोडं घालणाऱ्या स्फिंक्सचं नाव दिलं. तो तेलाचा थेंब वगैरे नसतो. पेशीचा पडदा अशाच स्निग्ध रेणूंचा बनलेला असतो. एन्झाइम त्यातल्या एकाचे तुकडे करतं, दुसरं एन्झाइम उरलेल्या तुकड्याला फॉस्फेट लावतं, झाला एस-वन-पी तयार. घराच्या भिंतीतली वीट काढून तिच्यावर पत्ता लिहून पाठवावी तसं. आणि रक्तात हा रेणू एकटा फिरू शकत नाही, पाण्यात रमत नाही ना. त्याची बरीचशी हमाली कोण करतं माहितीय? एचडीएल. तुमच्या लिपिड प्रोफाइलमधलं तेच ते "चांगलं कोलेस्टेरॉल". थोडी अल्ब्युमिन करतं.

आता मुख्य गंमत. रक्तात एस-वन-पी भरपूर, कारण तांबड्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर तो बनवतात, आणि तांबड्या पेशींकडे तो मोडणारं एन्झाइमच नाही. लसिकेत त्याहून कमी, तरी बऱ्यापैकी. नोडच्या आत मात्र जवळजवळ काही नाही, तिथलं एन्झाइम तो सतत मोडत असतं. म्हणजे आत वास नाही, दाराशी वास आहे. लिम्फोसाइटच्या अंगावर हा वास घेणारा रिसेप्टर असतो, त्याला नाक म्हणू.

पण रक्तात असताना हे नाक बंद असतं! फोडणीच्या खोलीत बराच वेळ बसलं की वास येईनासा होतो ना, तसं. रेणू सारखा चिकटत राहिला की पेशी रिसेप्टर आत ओढून घेते. म्हणून रक्तातली पेशी नोडमध्ये शिरते तेव्हा तिला बाहेरचा वास येत नसतो आणि ती निवांत आत हिंडते. काही तासांनी नाक परत वर येतं, मग दारातून येणारा वास लागतो आणि ती निघते. घड्याळ नाही, मुकादम नाही, एका चरबीच्या रेणूच्या कमीजास्त असण्यावर सगळं वेळापत्रक. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लायब्ररीत मोठ्यानं हसले होते.

फिंगोलिमॉड दिसायला स्फिंगोसीनसारखं. शरीर त्याला आपलाच समजून फॉस्फेट लावतं. मग ते त्या रिसेप्टरला इतकं घट्ट धरतं की पेशी रिसेप्टर आत ओढून मोडूनच टाकते. नाक बंद नव्हे, नाकच गेलं. दार उघडं आहे पण ते कुठे आहे हे पेशीला कळत नाही. (दाराच्या भिंतीतही गोळीमुळे फटी बुजतात, असं मानणारा एक पक्ष आहे. दोन्ही थोडं थोडं खरं असावं, पण माझं मत नाकाकडे झुकतं.)

औषधाचा उगमही सांगते, कारण तो मला फार आवडतो. आपल्याकडे उत्तराखंडची कीडाजडी माहितीय ना, अळीत उगवणारी बुरशी? तिच्या नात्यातली एक बुरशी रातकिड्यासारख्या कर्कश ओरडणाऱ्या सिकाडा किड्याच्या पिल्लात उगवते. जपानमध्ये क्योतोचे प्राध्यापक तेत्सुरो फुजिता यांच्या गटाला तिच्यात प्रतिकारशक्ती दाबणारा पदार्थ सापडला. तो फार विषारी होता, म्हणून रसायनात काटछाट करत करत फिंगोलिमॉड केलं. वापरायचं होतं किडनी बदललेल्या लोकांसाठी. तिथे ते जुन्या औषधांपेक्षा सरस ठरलं नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मात्र चाललं, आणि सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकेत त्या आजारावरची पहिली तोंडानं घ्यायची गोळी म्हणून मंजूर झालं. ते काम कसं करतं याचा उलगडा २००२ च्या सुमारास झाला, म्हणजे आधी औषध हातात आणि मग शरीराची ही सगळी वाहतूक समजली.

पॉलीजचं म्हणाल तर ते या मार्गावरचे प्रवासीच नाहीत. अस्थिमज्जेतून निघाले, रक्तात काही तास, मग जखमेत किंवा ऊतीत जाऊन संपले. नोडमधून परतीचं तिकीट त्यांना नसतं. म्हणून ८२ टक्के बघून घाबरू नका. ४,६०० चे ८२ टक्के म्हणजे ३,७७२, अगदी नॉर्मल. शेजारचे गेले म्हणून त्यांचा टक्का फुगला.


आभाळमाया

मी ही गोळी चार वर्षं घेतेय म्हणून लिहिते. पहिल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये सहा तास बसवून ठेवलं होतं. तासातासाला नाडी आणि बीपी, आधी आणि नंतर ईसीजी. माझी नाडी ७६ वरून ५४ वर आली होती, नवरा माझ्यापेक्षा जास्त पांढरा पडला. डॉक्टर म्हणाले, ज्या रिसेप्टरवर गोळी काम करते तसे हृदयातही आहेत, पहिल्या डोसला ते ब्रेक लावतात आणि मग सवय होते. दुसऱ्या दिवसापासून काही नाही.

सुरू करायच्या आधी कांजिण्यांची अँटिबॉडी बघितली होती आणि डोळे तपासले होते. तीन-चार महिन्यांनी परत डोळे.

माझा लिम्फो कधी ४५०, कधी ३८०. पहिल्या वेळी लॅबवाल्या मुलानं रिपोर्ट देताना माझ्याकडे असं बघितलं की मी रात्रभर झोपले नाही. ताई, तुम्ही विचारलंत हे बरं केलंत. एक विनंती, कोणी हे वाचून काउंट कमी आहे म्हणून गोळी मनानं बंद करू नका. अचानक सोडली तर आजार उसळून येऊ शकतो, मला हे दोनदा बजावून सांगितलंय.


जुनापॅथ

शेपूटकापी यांनी छान लिहिलं आहे. निवृत्त माणूस आहे, दोन ओळी भर घालतो.

आमच्या लहानपणी पायाला काटा लागून पिकलं की जांघेत अवधाण यायचं. आजी म्हणायची, "पायाचं दुखणं वर चढलं." हे अवधाण म्हणजे याच वाहतुकीचं नैसर्गिक बंद! संसर्ग झाला की इंटरफेरॉन नावाचं इशारा देणारं प्रथिन सुटतं, त्यानं लिम्फोसाइटवर सीडी-६९ नावाचं प्रथिन येतं, आणि ते त्याच एस-वन-पीच्या रिसेप्टरला धरून आत ओढतं. आत येणारे येत राहतात, बाहेर जाणारे थांबतात, वर आतल्यांची संख्याही वाढते. गाठ सुजणारच. शरीरानं मुद्दाम सगळ्यांना आत डांबलेलं असतं, की जंतूचा नमुना आलाय, ओळखणारा सापडेपर्यंत कोणी हलायचं नाही. फिंगोलिमॉड जे रोज करतं ते शरीर एका जांघेपुरतं दोन-चार दिवस करतं.

निळीशाई, बाळ, अशाच फसव्या काउंटची आणखी दोन उदाहरणं लक्षात ठेव. स्टेरॉइड चालू असेल तर पॉलीज वाढतात आणि लिम्फो घटतात. संसर्ग असेलच असं नाही. पॉलीजपैकी बरेचसे एरवी रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकून उभे असतात, ते सुटून मोजणीत येतात, मज्जेतूनही निघतात, आणि ऊतीत जाणं मंदावतं. आणि दुसरं म्हणजे रडून रडून लाल झालेलं पोर. ॲड्रेनॅलिननं काउंट चढतो. पोराला शांत करून, मग सुई.


निळीशाई

जुनापॅथ सर, अवधाणाचं वाचून हातातला चहा तसाच राहिला. आईला सांगितलं, ती म्हणाली "मग आम्ही काय वेगळं म्हणत होतो?"

आता पॉलीजवरून प्रश्न. ते नोडच्या वाटेचे नाहीत हे कळलं. पण गळू झालं की लाखोंनी तिथेच जातात. पसची स्लाइड केली की फील्डभर पॉलीजच. त्यांना वास कशाचा येतो? तोही लिपिडच का? शेपूटकापी, तुमचं नाव असं का, तेही सांगा.


शेपूटकापी

नावाचं आधी. मी झेब्राफिशच्या पिल्लांच्या शेपट्या कापायची. हा मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेकडचा मासा, मत्स्यालयाच्या दुकानात पट्ट्यापट्ट्यांचा असतो तो. तीन दिवसांचं पिल्लू पापणीच्या केसाएवढं आणि काचेसारखं पारदर्शक. त्यात पॉलीज हिरवे चमकतील अशी जनुकीय सोय केलेली असते. भूल द्यायची, शेपटीच्या पडद्याची कड ब्लेडनं उडवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. हिरवे ठिपके निघतात. मिनिटाला दहाएक मायक्रॉन, म्हणजे जवळपास स्वतःच्या लांबीइतके, वाटेत वळणं घेत, पण दिशा न चुकता.

त्यांना वास अनेक गोष्टींचा येतो, जंतूंच्या प्रथिनांच्या तुकड्यांचाही. पण माझा जीव जडला तो पाण्याच्या प्रयोगावर. मासा गोड्या पाण्यात राहतो. पाण्यात क्षार कमी, अंगात जास्त. शेपटी कापली की पाणी जखमेत घुसतं आणि पेशी फुगतात, त्यांचं केंद्रकही फुगतं. केंद्रकाचा पडदा ताणला की एक एन्झाइम त्याला जाऊन चिकटतं आणि त्यातून ॲराकिडोनिक आम्ल, म्हणजे पडद्यातलंच एक स्निग्ध आम्ल, कापून काढतं. त्यापासून बनणारे लिपिड पॉलीजना बोलावतात. पाण्याचा आणि एन्झाइमचा भाग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, केंद्रकाच्या ताणाचा २०१६ मध्ये. आता त्याच माशाला जखम करताना अंगातल्या क्षारांइतक्या खारट पाण्यात ठेवा. जखम तीच, ब्लेड तेच, पण पॉलीज फारसे येतच नाहीत! मी स्वतः हे करून बघितलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं कॅमेरा बंद पडलाय. तुम्ही मशीनला शिव्या दिल्यात, मी कॅमेऱ्याला.

माणसाच्या गळवाचं बघायचं तर मुख्य रेणूंपैकी एक ल्युकोट्राईन बी-४. तोही ॲराकिडोनिक आम्लापासूनच. गंमत अशी की तो बनवणारे पॉलीज स्वतःच असतात. उंदराच्या कानात लेसरनं सुईच्या टोकाएवढी जखम करून लोकांनी पाहिलंय. आधी दोनचार पॉलीज येतात. त्यातला एखादा मरतो. जवळचे ल्युकोट्राईन सोडतात, त्यावर लांबचे धावत येतात, तेही सोडतात, त्याहून लांबचे येतात. बघता बघता मोहोळ. इंग्रजीतही त्याला थव्याचंच नाव आहे. २०१३ चंच काम. ल्युकोट्राईनचा रिसेप्टर नसलेले पॉलीज लांबून येईनात, तेव्हा सिद्ध झालं की हाक त्याचीच. जंतूचा वास जवळपुरता, पुढची दवंडी आपली आपण पिटायची.

मग थांबतात कसे? नाहीतर एका फोडासाठी अख्खी मज्जा रिकामी व्हायची. एक उत्तर पुन्हा नाकाचंच: मोहोळाच्या मध्यभागी ल्युकोट्राईन इतकं साचतं की पॉलीजचे रिसेप्टर बधिर होतात आणि ते थबकतात. हे बधिर करणारं एन्झाइम काढून टाकलेले उंदीर २०२१ मध्ये अभ्यासले गेले. त्यांचे पॉलीज थांबेचनात, भराभरा फिरत राहिले, आणि जंतू मात्र नीट आवरता आले नाहीत. जास्त धावून काम कमी, हे आमच्या गाइडला मी दाखवलं होतं. त्यांना पटलं नाही.


तीनमुलांचाबाप

ल्युकोट्राईन शब्द ओळखीचा वाटला. धाकट्याला पावसाळ्यात मॉन्टेल्युकास्ट देतात, त्यातला "ल्युकास्ट" तोच का? म्हणजे त्याच्या पांढऱ्या पेशी आम्ही थांबवतोय? आणि घरात सासूबाई म्हणतात बांगडा खाल्ला की सूज उतरते, त्यात काही तथ्य?


शेपूटकापी

घराणं तेच, बहीण वेगळी. स्टॉकहोमच्या सॅम्युएल्सन यांनी १९७९ मध्ये "ल्युकोट्राईन" हे नाव दिलं, ल्युकोसाइटमध्ये सापडला आणि रेणूत तीन दुहेरी बंध ओळीनं आहेत म्हणून. १९८२ चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रोम आणि व्हेन यांच्याबरोबर मिळालं. या घराण्यातल्या ज्या बहिणी श्वासनलिका आवळतात आणि इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ओढून आणतात त्यांचा रिसेप्टर मॉन्टेल्युकास्ट अडवतं. बी-४ चा रिसेप्टर वेगळा, तो मोकळाच राहतो. तुमच्या धाकट्याला गुडघा फुटला तर पॉलीज वेळेवर पोचतील, काळजी नसावी. औषधाबद्दल बाकी काय विचारायचं ते त्याच्या डॉक्टरांना.

बांगडा, तारली यांच्या तेलात ईपीए नावाचं आम्ल असतं. पडद्यात ॲराकिडोनिकच्या जागी ते बसलं की त्याच एन्झाइमकडून बी-४ ऐवजी बी-५ बनतं, आणि बी-५ ची हाक फारच क्षीण, पॉलीज तिला धड दाद देत नाहीत. रेणूपुरतं सासूबाईंचं बरोबर. पण एका दुपारच्या कालवणानं पडदे बदलत नाहीत, आठवडेच्या आठवडे लागतात, आणि सुजेवरचं औषध म्हणून मी बांगड्याची शिफारस करणार नाही. जेवण म्हणून करते. तिरफळ घालून.


खवट

आत्ता कुठे धागा विषयावर आला.


निळीशाई

सगळ्यांचे आभार. आज रजिस्टर काढून बसले होते. त्याच बाईंचं दीड वर्षापूर्वीचं सीबीसी आमच्याकडेच सापडलं, गोळी सुरू व्हायच्या आधीचं. टोटल ५,९००, लिम्फो २९ टक्के, म्हणजे १,७११. आता ३२२, पाचवा हिस्सा. सरांना दाखवलं, ते म्हणाले या गोळीवर एवढं उतरतंच, मूळच्या वीस-तीस टक्क्यांवर येतं. आणि बंद केली तर एक-दोन महिन्यांत वर येतं. मेलेल्या असत्या तर आल्या असत्या का परत, असं मीच त्यांना म्हटलं. हसले.

आभाळमाया ताई, तुमची रात्रभर न झोपण्याची गोष्ट डोक्यातून जात नाहीये. मीही त्या बाईंकडे तसंच बघितलं असणार. आमच्या फॉर्मवर नाव, वय, उपाशीपोटी की नाही, एवढेच रकाने आहेत. चालू औषधांचा नाही. नवीन फॉर्म छापून यायला वेळ आहे, तोवर कोपऱ्यात पेनानं लिहून घेतेय.